नाथसागरातील होडीचा नांगर : प्रकल्प नोंदी

१२ मे

काल सायंकाळी वळवाच्या वादळात गाळमापनाची होडी नांगरासकट जागेवरून सरकली. आज सकाळी ती मूळ जागेच्या पूर्वेला, पाण्याबाहेर आलेल्या एका जुन्या शेतबांधाला टेकलेली आढळली. तळाला ओरखडे पडले आहेत, मात्र फायबर कुठेही फुटलेले नाही. दोर शाबूत होता आणि नांगरही होडीबरोबरच आला होता, म्हणजे काही तुटल्याने हे झालेले नाही. नांगराने जमीन सोडली, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

या प्रकल्पात पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या, म्हणजेच नाथसागराच्या, उत्तर काठालगत ठरलेल्या रेषांवर पाण्याची खोली आणि गाळाची जाडी मोजायची आहे, आणि त्यासाठी होडी वर्षभर पाण्यावर ठेवणे भाग आहे. जलसंपदा आणि वन या दोन्ही विभागांची परवानगी ठराविक क्षेत्रापुरतीच असल्याने ती वाटेल तेथे उभी करता येत नाही. होडी नांगरण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय मोजणीचे काम पुढे न्यायचे नाही, असे आजच्या बैठकीत ठरले. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे, कारण वादळात सुटलेल्या होडीने एखाद्याच्या जाळ्यांचे किंवा जिवाचे नुकसान केले तर मोजलेल्या गाळाला काहीच किंमत उरणार नाही.

१६ मे

नांगर आणि तळ या दोन्हींची तपासणी केली. नांगर चार फाळांचा, वजनाला १२ किलो आहे. असा नांगर खडकाळ तळावर कपारीत अडकून चांगला धरतो. गाळात मात्र त्याचे बारीक फाळ मातीला पुरेशी आडवी पृष्ठे देत नाहीत आणि ओढ आली की माती कापत पुढे येतात. त्याला जोडलेला दोर १२ मीटरचा होता. जागेची खोली ३ मीटर आणि होडीचे पुढचे टोक पाण्यापासून ०.६ मीटर उंच, म्हणजे दोराची लांबी एकूण उंचीच्या जेमतेम ३.३ पट भरते. ताणलेला दोर अशा वेळी जमिनीशी साडेसतरा अंशांचा कोन करतो, आणि लाटेवर होडी उचलली गेली की ही ओढ नांगराला आडवे खेचण्याऐवजी वर उपटू लागते. नांगराची पकड त्याच्या वजनापेक्षा आडव्या ओढीवर अवलंबून असते, हे सूत्र समुद्रात जितके खरे तितकेच धरणातही खरे आहे.

तळाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाच्या पोटात पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या भागांतली शेते, पांदी, विहिरी आणि गावठाणे गेली. त्यामुळे तळाला कोठे काळी कसदार जमीन आहे, कोठे मुरूम, कोठे दगडी बांध, तर कोठे बाभळीचे बुंधे उभे आहेत. या सगळ्यावर नदीने आणलेल्या गाळाचा थर बसला असून त्याचा वरचा भाग पातळ पिठल्यासारखा आहे. ओळंबा सोडला असता तो या थरात अडखळतही नाही, आणि तळ नेमका कोठे लागला हे हाताला कळत नाही.

आमच्यासोबत असणारे ज्येष्ठ मच्छीमार मामा याबाबत सहज बोलून गेले, "सर, वरचा गाळ हलका हाय. फाळ खालच्या काळ्या रानात गेला तरच धरतो, न्हाय तर नुसता वाहून येतो." त्यांच्या स्वतःच्या थर्माकोलच्या होड्या दररोज काठावर ओढून घेता येतात, म्हणून त्यांना कायम नांगराची गरज पडत नाही. तळाविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र आम्ही काढलेल्या गाळाच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळते.

२१ मे

कोकणात खाडीच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी या प्रश्नावर सविस्तर पत्रव्यवहार झाला. त्यातून मिळालेली माहिती या प्रकल्पाची दिशा ठरवणारी असल्याने येथे ती विस्ताराने नोंदवीत आहे.

खाडीत होडी नांगरताना दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतात. पहिली गोष्ट पाण्याची उंची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे सहा तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण भरतीची पूर्ण ओहोटी होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारच्या, दिवसांत हा फरक साडेचार ते पाच मीटरपर्यंत जातो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या, दिवसांत बराच कमी होतो. दोर ओहोटीच्या खोलीला बेतला तर भरतीला तो आखूड पडून नांगर उपटतो. तो भरतीला बेतला तर ओहोटीला सैल पडून होडी मोठ्या वर्तुळात फिरते आणि शेजारच्या होडीला किंवा चिखलाच्या पट्टीला जाऊन लागते. दुसरी गोष्ट प्रवाहाची दिशा. भरतीचे पाणी आत येते, ओहोटीचे बाहेर जाते, आणि होडी दिवसातून चार वेळा तोंड फिरवते. प्रत्येक वेळी नांगरावरची ओढ जवळजवळ १८० अंशांनी उलटी होते. अशा वेळी दोर फाळाभोवती वेढला जातो किंवा नांगर जमिनीतून निघून उताणा पडतो आणि पुन्हा रुततोच असे नाही. म्हणून खाडीतले जाणकार दोन नांगर टाकतात, एक भरतीच्या बाजूला आणि एक ओहोटीच्या बाजूला. दोन्ही एका रेषेत ठेवून होडी मधोमध बांधली की प्रत्येक नांगराला आपापल्या दिशेचीच ओढ सोसावी लागते आणि होडी लहान वर्तुळात फिरते.

हे वाचताना नाथसागराचे चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट झाले. आमच्याकडे चंद्राची भरती नाही, परंतु पाण्याची उंची आणि ओढीची दिशा या दोन्ही गोष्टी येथेही बदलतात. धरणाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९ मीटर आहे. तेथून मृतसाठ्याच्या (कालव्यांतून सोडता न येणाऱ्या तळच्या पाण्याच्या) पातळीपर्यंतचा उतार सुमारे आठ मीटरचा, म्हणजे मुंबईच्या उधाणापेक्षाही मोठा आहे. हा उतार सहा तासांऐवजी सहा-आठ महिन्यांत होतो, इतकाच फरक. दिशा बदलण्याचे काम येथे वारा करतो. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून सलग वाहतो, हिवाळ्यात पूर्व आणि ईशान्येकडून येतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या ढगाबरोबर कोणत्याही बाजूने अकस्मात उठतो.

माझ्या मते आमच्या अडचणीचे मूळ या संथपणात आहे. खाडीतला नावाडी सहा तासांत पाणी उतरताना पाहतो आणि दोर सोडतो किंवा ओढतो. त्याच्या हाती भरती-ओहोटीचे छापील कोष्टक असते. येथे पाणी दिवसाला काही सेंटीमीटरच हलते, डोळ्यांना स्थिर दिसते, आणि एकदा बांधलेल्या दोराकडे महिनोन्महिने कोणी पाहत नाही. धरणाची पातळी मात्र दररोज नोंदली जाते आणि जाहीर होते. ही रोजची पातळी आमचे कोष्टक मानून नांगराची सर्व रचना तिच्याशी जोडायची, असा निर्णय आज घेतला.

२७ मे

ओढीचा हिशेब केला. होडीची लांबी ६.५ मीटर असून वर छत आहे. वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ समोरून २.५ चौरस मीटर आणि आडव्या बाजूने सुमारे ७ चौरस मीटर धरले. उन्हाळ्यात या उंचीवर हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास असते. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरला तर प्रत्येक चौरस मीटरवर २२० न्यूटनचा दाब येतो. होडी वाऱ्याकडे तोंड करून असेल तर ओढ सुमारे ५६ किलोची होते, परंतु झोताने ती आडवी झाली तर तीच ओढ १५७ किलोपर्यंत जाते. एका नांगरावर उभी असलेली होडी वादळात डावी-उजवीकडे सतत डुलते, त्यामुळे आडव्या बाजूची ओढच हिशेबात घेणे सुरक्षित ठरते. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला येथे कित्येक किलोमीटर मोकळे पाणी मिळते आणि लाटांचे हिसके बसतात. त्यासाठी ओढ अडीच पट धरून ४०० किलोचा भार निश्चित केला.

तळावर नुसता काँक्रीटचा ठोकळा टाकण्याची सूचना पुढे आली होती. ती आम्ही गांभीर्याने तपासली. काँक्रीट पाण्यात आपले सुमारे ४२ टक्के वजन गमावते. मऊ गाळावर घर्षणाचा आधार पाण्यातल्या वजनाच्या निम्मा जरी धरला तरी ४०० किलोच्या ओढीसाठी पाण्यात ८०० किलो, म्हणजे काठावर जवळजवळ १४०० किलोचा ठोकळा लागेल. तो होडीतून नेऊन सोडणे धोक्याचे आहे, आणि गाळाच्या वरच्या थरात निम्मा आधारही मिळेलच असे नाही. आपल्याकडचा काळा पाषाण काँक्रीटपेक्षा जड असतो आणि पाण्यातही त्याचे सुमारे ६५ टक्के वजन शिल्लक राहते. तरीही केवळ वजनावर विसंबणे मला पटले नाही. दगड जमिनीत गाडला तर त्याच्यापुढची माती संपूर्ण ओढीला अडवते आणि वजनाचा प्रश्न दुय्यम होतो.

यात जलाशयाचा उतार आमच्या बाजूचा आहे. खाडीत ओहोटीला उघडी पडलेली जमीन काही तासांत पुन्हा पाण्याखाली जाते. येथे ती मे महिन्यात कोरडी पडते आणि पावसाळ्यातला पूर येईपर्यंत कोरडीच राहते. जेथे ऑगस्टनंतर होडी उभी राहणार आहे, तेथे आज आपण चालत जाऊ शकतो, जमीन खोदू शकतो आणि बुजवलेल्या विहिरी व दगडी बांध डोळ्यांनी पाहू शकतो.

३ जून

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी खोदकाम पूर्ण करायचे होते, ते आज झाले. जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. गाळपेऱ्याच्या (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत घेतलेल्या) पिकाखालील जमीन टाळली, मच्छीमारांच्या जाळ्यांच्या नेहमीच्या वाटा सोडल्या, आणि आसपास बुंधे किंवा बांध नसलेली सलग काळी जमीन घेतली. पाण्याच्या कडेवर उभे राहून डंपी लेव्हल या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने जमिनीची उंची काढली. वारा पडलेल्या पहाटे जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असतो आणि त्या दिवशीची पातळी धरणावर नोंदलेली असते, म्हणून पाण्याची कड हाच मोजणीचा विश्वासार्ह आधार ठरला. निवडलेल्या जागेची तळपातळी ४५७.९ मीटर आली. याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. यापुढे कोणत्याही दिवशी धरणाच्या जाहीर पातळीतून ४५७.९ वजा केले की होडीखालची खोली घरबसल्या कळेल. धरण भरल्यावर ती ६ मीटर असेल.

दोन खड्डे ४८ मीटर अंतरावर, पश्चिम-नैऋत्य ते पूर्व-ईशान्य या रेषेत घेतले. पावसाळी आणि हिवाळी वाऱ्याच्या दिशा याच रेषेच्या जवळ आहेत. प्रत्येक खड्डा १.२ मीटर खोल आहे. वरचा हातभर थर भेगाळलेला आणि भुसभुशीत निघाला, त्याखाली मात्र पहारीला दाद न देणारी घट्ट काळी माती लागली. दगडफोडीच्या कारागिरांनी खाणीतून आणलेले काळ्या पाषाणाचे दोन ठोकळे प्रत्येकी ६० सेंटीमीटर लांब-रुंद आणि ४० सेंटीमीटर जाड आहेत. घनफळावरून त्यांचे वजन ४०० किलोच्या वर भरते. मधोमध आरपार भोक पाडून त्यातून साखळी ओवली आणि मागे लोखंडी आडदांडा घालून ती अडकवली. ट्रॅक्टरच्या साहाय्याने दगड खड्ड्यांत उतरवले.

खड्डे बुजवण्याच्या पद्धतीवर आमच्यात बरीच चर्चा झाली. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. ती सैल भरली तर पाणी आल्यावर तिचा लगदा होतो आणि दगडापुढे मऊ पोकळी तयार होते. म्हणून माती थोडी ओलावून वीतभर जाडीच्या थरांत भरली आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकून घेतला. दगडाच्या ओढीकडील बाजूची मूळ भिंत मुद्दाम उभी आणि न दुखावता ठेवली, कारण खरा आधार त्या न हललेल्या मातीचाच आहे. त्यानंतर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील भारमापक लावून ट्रॅक्टरने ८०० किलोपर्यंत हळूहळू ओढून पाहिले. दगड हलले नाहीत. ही कसोटी कोरड्या मातीची आहे आणि भिजलेल्या मातीची ताकद त्याहून कमी असते, हे ध्यानात ठेवूनच ठरवलेल्या भाराच्या दुप्पट ओढ घेतली.

९ जून

दोन्ही दगडांना जोडणारी १० मिलिमीटर जाडीची साखळी जमिनीवर अंथरली. ती भंगार बाजारातून घेतलेली असली तरी प्रत्येक कडी तपासली आणि शंकास्पद तुकडे कापून काढले. प्रत्येक दगडापासून मध्यापर्यंत २५ मीटर साखळी येते, म्हणजे एकूण लांबीत थोडी सैल राहते. मध्यावर जाड कडे, कड्याला फिरती कडी, आणि तिच्यापासून होडीपर्यंत ११ मीटरचा १६ मिलिमीटर जाड दोर, अशी रचना आहे. शॅकलच्या (साखळी जोडणाऱ्या, पिनेने बंद होणाऱ्या कडीच्या) प्रत्येक पिनेला बायंडिंग वायरने पक्के बांधले.

दोर नायलॉनचाच घेतला. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो, पातळी उतरली की त्याची वेटोळी पृष्ठभागावर पसरतात आणि जाळ्यांत व पंख्यात अडकतात. उन्हानेही तो लवकर ठिसूळ होतो. नायलॉन बुडतो, आणि ताण आल्यावर लांबून हिसका शोषून घेतो. होडीच्या टोकाशी घासण्याच्या जागी जुन्या सक्शन पाइपचा तुकडा चढवला. दोराच्या वरच्या टोकाला लाल बोया (तरंगती खूण) बांधून तो कोरड्या जमिनीवरच ठेवून दिला आहे. पाणी आले की तो आपोआप वर येईल.

२८ जून

होडी सध्या खोल पाण्यात तात्पुरत्या नांगरावर आहे. जुना चार फाळांचा नांगर बदलून रुंद, सपाट फाळांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर घेतला असून त्यामागे ५ मीटर साखळी आणि एकूण उंचीच्या सात पट दोर दिला आहे. पश्चिमेचा वारा आठवडाभर सलग होता आणि नांगराने जागा सोडली नाही. हे तपासण्यासाठी काठावरच्या मंदिराचा कळस आणि त्यामागील विजेचा उंच खांब या दोन खुणा एका रेषेत धरल्या आहेत. होडीवर एकाच जागी बसून पाहिल्यास त्या रेषेपासून जितके सरकलो तितके लगेच कळते. मोबाइलवरील स्थाननिश्चिती उपयोगी आहे, परंतु होडी नांगराभोवती फिरली की नांगर घसरला हा भेद एका आकड्यावरून होत नाही. या नांगराची मर्यादाही नोंदवून ठेवतो. ओढ एकदम उलटी झाली तर तो निघतो आणि फाळांत गवत किंवा मातीचा गोळा अडकला असेल तर पुन्हा रुतत नाही. म्हणून वारा फिरण्याच्या दिवसांत त्याच्या भरवशावर होडी एकटी सोडायची नाही.

६ ऑगस्ट

नाशिक भागातील पावसाने नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून विसर्ग सुरू आहे, प्रवरेचे पाणीही येत आहे. दगडांच्या जागेवर पाणी चढले आणि बोया ठरल्याप्रमाणे वर आला. खोली दीड मीटर झाल्यावर होडी येथे आणून बांधली.

पातळी किती वेगाने चढू शकते याचा अंदाज काढून ठेवला आहे. पूर्ण भरलेल्या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर असते. ते ३०० चौरस किलोमीटर असताना एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याने पातळी ९ ते १० सेंटीमीटर वाढते. एक लाख क्युसेकची (सेकंदाला एक लाख घनफूट) आवक दिवसभर राहिली तर ८.६ टीएमसी पाणी येते, म्हणजे एका दिवसात सुमारे ८० सेंटीमीटर. खाडीत इतके पाणी उधाणाच्या वेळी तासाभरात चढते. तरीही आमच्यासाठी हा वेग थोडा नाही, कारण आठवडाभर कोणी होडीकडे फिरकले नाही तर आखूड बांधलेला दोर तिला पुढून खाली ओढू शकतो. आम्ही ११ मीटरचा पूर्ण दोर सोडलेला असल्याने धरण पूर्ण भरेपर्यंत त्याला हात लावण्याची गरज नाही. जमिनीवरच्या साखळीमुळे दोर इतका आखूड चालतो. दोर वर ओढला गेला तरी दगडांवरची ओढ आडवीच राहते.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन आटोपून सर्वजण काठावर आले. खोली ५.७ मीटर आहे. हिशेबाप्रमाणे होडीच्या मागच्या टोकाने काढलेल्या वर्तुळाची त्रिज्या १५ ते १६ मीटर यायला हवी होती आणि खुणांवरून तेवढीच आली. एकाच नांगरावर पाचपट दोर देऊन होडी ठेवली असती तर ही त्रिज्या ३९ मीटरच्या आसपास गेली असती. शेजारी जाळी लावणाऱ्या कुटुंबांना या फरकाचा थेट लाभ आहे, आणि आम्ही त्यांच्या पाण्यात पाहुणे आहोत याची जाणीव प्रत्येक सदस्याने ठेवली पाहिजे असे मला वाटते.

दरवाजांतून विसर्ग सुरू असताना धरणाच्या दिशेने प्रवाह वाढतो, पण आमच्या जागेवर तो जाणवण्याइतका नव्हता.

११ नोव्हेंबर

वारा पालटला. पहाटेपासून पूर्वेकडून थंड वारे वाहत असून होडीने तोंड फिरवले आहे. पावसाळाभर पश्चिमेच्या दगडाने जी ओढ सोसली ती आता पूर्वेच्या दगडावर आली, आणि संपूर्ण रचनेची खरी परीक्षा हीच होती. खाडीत दिवसातून चार वेळा होणारी ही उलटापालट येथे ऋतूला एकदा होते, म्हणून येथे तिची चाचणी घ्यायला अर्धे वर्ष थांबावे लागले. रेषेवरच्या खुणा ढळल्या नाहीत.

एक दोष मात्र आढळला. दोराला पीळ बसला होता. फिरती कडी गाळाच्या बारीक कणांनी जाम झाल्याने ती होडीबरोबर फिरली नाही आणि पीळ दोरानेच सोसला. पाण्याखाली ती सोडवणे शक्य नव्हते, म्हणून होडी वल्ह्यांनी उलट फिरवून पीळ काढला आणि दोराच्या वरच्या टोकाला, बोयाखाली, दुसरी फिरती कडी बसवली. ती हाताशी असल्याने दर आठवड्याला धुता आणि वंगण घालता येईल. खालची कडी पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या मापाची घ्यावी लागेल.

१९८६ मध्ये घोषित झालेल्या पक्षी अभयारण्याच्या या पाण्यावर चक्रवाक दिसू लागले आहेत. उथळ दलदलीच्या बाजूचे मोजणीचे सर्व मार्ग हंगाम संपेपर्यंत बंद ठेवले.

२० फेब्रुवारी

रब्बीची आवर्तने डाव्या आणि उजव्या कालव्यांतून सुरू आहेत आणि पातळी सतत उतरत आहे. यापुढे ऊन वाढेल तसे केवळ बाष्पीभवनानेही दिवसाला सेंटीमीटरच्या घरात पाणी कमी होईल. आजची खोली २.४ मीटर. दोर सैल पडला असला तरी त्रिज्या १७ मीटरच्या पुढे जात नाही, कारण दोरच मुळात आखूड आहे. हा गुण मला या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो. खोली ६ मीटरवरून २ मीटरवर आली तरी होडीची फिरण्याची जागा जवळजवळ तेवढीच राहते. दोराचा सैल भाग तळाच्या चिखलात लोळून कापला जाऊ नये म्हणून मध्यावर एक छोटा तरंगता गोळा बांधला.

होडी किमान दीड मीटर पाण्यात उभी असावी, असे ठरवले आहे. लाटेच्या खोलगटात ती खाली बसते आणि पंख्याचा दांडाही पृष्ठभागापासून बराच खाली जातो. त्यामुळे धरणाची जाहीर पातळी ४५९.४ मीटरला आली की होडी उन्हाळी जागेवर हलवायची. हा आकडा होडीच्या आत, छताच्या खांबावर रंगवून ठेवला आहे.

९ मार्च

पातळी ठरलेल्या आकड्याच्या जवळ आली आहे. नाथषष्ठीच्या यात्रेत मदतीला माणसे मिळत नाहीत, म्हणून स्थलांतर आजच उरकले. पाणी उथळ झाल्याने मधले कडे साखळीसह होडीत उचलून घेता आले आणि व्हर्नियर या मोजमापकाने कड्यांची जाडी मोजली. दगडांकडच्या कड्या १० मिलिमीटरला जवळजवळ तशाच आहेत. दोराजवळच्या, सतत उचलल्या आणि आपटल्या जाणाऱ्या कड्यांची मात्र घासून ९.३ मिलिमीटर जाडी उरली आहे. झीज एक मिलिमीटर झाली की कडी बदलायची, असा नियम आम्ही ठेवला आहे. या वेगाने दुसरा पावसाळा त्या काढणार नाहीत. मध्याच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मीटर साखळीच्या जागी १२ मिलिमीटरची साखळी घालायची, खालची फिरती कडी बदलायची, आणि जमीन कोरडी पडल्यावर दोन्ही खड्ड्यांवरची माती किती बसली ते पाहून वर पुन्हा भर घालायची, अशी कामे मे महिन्यासाठी ठरवली आहेत. होडी आता खोल पाण्यात डॅनफोर्थ नांगरावर असून दोराची लांबी सात पट आहे. वळवाचे ढग दिसू लागले की दुसरा नांगर विरुद्ध दिशेला टाकायचा आहे. तो आजच होडीत आणून ठेवला.